बगळा कुणी नेला?

१. रिकामे चौकोन

“वन्सं, आहात तशा निघून या. आपले पक्षी उडाले!”

वहिनींचा आवाज एवढा चढलेला होता की आत्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

“उडाले म्हणजे?”

“म्हणजे गेले. चोरीला गेले! तुम्ही आधी या, मग बोलू.”

आत्यांनी कुंड्यांना पाणी घालायचं अर्धवट टाकलं आणि चपला पायात सरकवल्या. त्या वहिनींच्या नणंद. उभा जन्म त्यांनी मुद्रितं तपासण्यात घालवला होता. भावाने काढलेल्या छोट्याशा प्रकाशनसंस्थेचं प्रत्येक पुस्तक त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नसे. वेलांटी चुकलेली दिसली की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भाऊ गेला, वहिनींनी पदर खोचून संस्था हाती घेतली आणि आत्या निवृत्त झाल्या. पण काही अडलं की फोन त्यांनाच यायचा. वहिनींचा मुलगा त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिसही आत्याच म्हणायचं.

ऑफिस म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना चढून आत्या आत गेल्या तेव्हा वहिनी संगणकासमोर डोकं धरून बसल्या होत्या आणि पानं मांडणारा मुलगा त्यांच्या मागे उभा होता. तो प्रत्येक मजकुराला चौकट आखायचा, म्हणून त्याचं नावच चौकट पडलं होतं.

“हे बघा,” चौकट म्हणाला.

मुलांसाठीचं पक्ष्यांचं पुस्तक होतं ते. संध्याकाळपर्यंत ते छापखान्यात पोचायला हवं होतं. छापखान्याने आजचा दिवस राखून ठेवला होता. तो हुकला तर यंत्र दुसऱ्याच्या कामाला लागणार, आणि पुस्तक बाहेर पडेपर्यंत शाळा उघडून ग्रंथालयांची खरेदी उरकलेली असणार. वहिनींनी सगळी भिस्त या एका पुस्तकावर ठेवली होती.

चौकटने पानं उलटली. मजकूर जागच्या जागी होता. बऱ्याच चित्रांच्या जागी मात्र करडे चौकोन, आणि त्यांत चित्रांचे बोटभर, पुसट ठसे.

“हे ठसे मोठे करून नाही का छापता येणार?” आत्यांनी विचारलं.

“छापलं तर बगळा आहे की उशी, ते कळणार नाही आत्या. मूळ चित्रं कॉमन फोल्डरमध्ये होती. शनिवारी दुपारी मी स्वतः पाहिली. आज नाहीत.”

“तुमच्या त्या क्लाऊडवर दुसरी प्रत नाही?”

वहिनींनी मान खाली घातली. “नाही. आणि ते माझ्याच नियमामुळे.”

२. एकच कपाट

नियम महिन्याभरापूर्वीचा. तोवर प्रत्येकजण कामाच्या फायली स्वतःच्या खासगी खात्यात ठेवायचा आणि मनाला येईल तेव्हा दुसऱ्याला पाठवायचा. त्यापायी मागच्या पुस्तकात कुणाच्या तरी खात्यातली जुनी प्रत छापायला गेली, आणि घुबडाच्या चित्राखाली ‘घार’ असं छापून आलं. शाळेतल्या पोरांनी पत्रं पाठवून चूक दाखवली. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी म्हटलं, बास झालं,” वहिनी सांगत होत्या. “घरच्या कपाटात कुणी काही ठेवायचं नाही. ऑफिसचं एकच कपाट, तिथेच सगळ्यांनी काम करायचं. घरच्या प्रती सगळ्यांनी माझ्यासमोर पुसल्या. मास्तरांनीसुद्धा.”

मास्तर म्हणजे पुस्तकाचे चित्रकार. भावाचे जुने दोस्त, संस्थेच्या पहिल्या पुस्तकापासूनचे. आता त्यांचा हात कागदावरून टॅबलेटवर आला होता, पण पक्षी काढावा तर त्यांनीच.

“कपाट कुणी उघडलं ते दिसत नाही का?”

“दिसतं. ‘ऑफिस’ने उघडलं, असं दिसतं,” चौकट म्हणाला आणि त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर पासवर्ड लिहिला होता, ठसठशीत अक्षरात. सगळे एकाच नावाने आत जात होते.

“अहो, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड म्हणजे रोज कुणीतरी विसरणार,” वहिनी पुटपुटल्या.

“कुणी चुकून पुसलं असेल?”

“पुसलं असतं तर कचऱ्याच्या डब्यात सापडलं असतं. डबा रिकामा आहे,” चौकट म्हणाला. “कुणीतरी उचलून दुसरीकडे नेलंय.”

चौकट पाणी प्यायला गेला तशी वहिनींनी आत्यांचा हात धरला. “वन्सं, मला माहितेय कुणी ते. याला दुसऱ्या प्रकाशकाकडून बोलावणं आलंय. जिन्यात फोनवर बोलताना मी ऐकलं या कानांनी. जाताना पक्षी घेऊन चाललाय! मी आत्ताच त्याला जाब विचारते.”

“थांबा वहिनी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल.”

“कावळा? कावळा तर आहे तिथेच!”

आत्या वळल्या. “काय म्हणालात? कावळा आहे?”

“कावळा, चिमणी, घार, घुबड, होला, एवढे आहेत. बाकीचे गेले.”

चोराने निम्मे पक्षी मागे ठेवले होते.

३. मागे राहिलेले

आत्यांनी संगणकासमोर बसून करडे चौकोन एकेक करून पाहिले. जवळच्या टेबलावर सूनबाई बसली होती, पडद्यात तोंड खुपसून. ती मास्तरांची सून. छापायला जाण्याआधी चित्रांचे रंग तपासायचं काम तिचं. घरात मास्तर तिला सूनबाई म्हणत, म्हणून ऑफिसातही ती सूनबाईच. एरवी आत्या आल्या की ती चहा टाकायला उठायची. आज उठली नाही.

“खंड्या गेला, नीलकंठ गेला, हंस गेला, कबुतर गेलं, बगळा गेला,” आत्या मोठ्याने म्हणाल्या. “चौकट, तुला यात काही दिसतं?”

“पाण्यातले पक्षी म्हणावं तर कबुतर पाण्यातलं नाही. लांब चोचीचे म्हणावं तर हंस तसा नाही. सूत्रच नाही आत्या.”

“हा बगळा असा काय दिसतोय रे?”

चौकट हसला. “नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा ना? मी शनिवारी पाहिला तेव्हा मूळ चित्रातही तसाच होता. मी सूनबाईंना म्हटलंसुद्धा, बगळा निळसर आलाय. त्या म्हणाल्या, पडद्याचा दोष असेल.”

सूनबाईने मान वर केली नाही.

“सूनबाई,” आत्यांनी हाक मारली, “या नव्या नियमाला तुझा विरोध होता म्हणे?”

“होता,” ती म्हणाली. “अर्धवट चित्र चारचौघांत ठेवायचं म्हणजे केस न विंचरता लग्नाला जाण्यासारखं. ज्याचं त्याच्याकडे असावं, तयार झालं की द्यावं. वहिनींना पटलं नाही. मग मी गप्प बसले.”

“आणि शनिवारी शेवटी कोण निघालं?”

“मी,” ती म्हणाली आणि उठली. “कुलूप मीच लावलं. माझ्यावर संशय असेल तर तसं सांगा.”

ती गॅलरीत गेली. तिच्या आवाजात राग होता, पण नजर खाली होती.

४. मास्तरांच्या घरी

दुपारी आत्या मास्तरांकडे गेल्या. घर दोन गल्ल्या पलीकडे. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी असायचा, बायकोला जाऊन दोन वर्षं झालेली. दिवसभर मास्तर एकटेच. दार उघडून त्यांनी आत्यांना बसवलं आणि टॅबलेट उलटा करून उशीखाली सारला.

“चित्रं गेल्याचं कळलं मला. सूनबाईने फोन केला होता,” ते म्हणाले. “सापडतील. कुठे जातात?”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“आत्याबाई, आपल्या वयाला चित्रं काय, चष्मासुद्धा रोज हरवतो.” ते हसले. पाहुणे येणार म्हणून त्यांनी घाईने मोजे चढवले होते, एक काळा आणि एक गडद निळा. आत्यांनी ते पाहिलं आणि नजर दिव्याकडे वळवली.

“दिवा नवा घेतलात?”

“तीनदा बदलला! हल्लीचे दिवे बघा, सगळं घर पिवळं करून टाकतात. चहात हळद पडावी तसं. सूनबाई म्हणते, पांढराच आहे. आमचं यावरून रोज वाजतं.”

दिवा पांढराशुभ्र होता. दिवसाढवळ्याही डोळ्यांना झोंबत होता.

“परत काढाल का चित्रं, तशीच वेळ आली तर?”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“काढेन हो. पण काढून उपयोग? तो बगळा मला मळका दिसला. पण आता माझ्या दिसण्याला काय अर्थ आहे?”

आत्या उठल्या. दारातून मागे वळून बघितलं, तर मास्तर उशीखाली हात घालून टॅबलेट जागेवर आहे ना ते चाचपत होते.

जिना उतरताना आत्यांना त्या मोज्यांवरून मागे राहिलेला कावळा आठवला, आणि त्यांना सूत्र सापडलं. पण त्याच वेळी फोन वाजला. पलीकडून वहिनी म्हणाल्या, “वन्सं, मी चौकटला घरी पाठवतेय. कायमचं.”

५. चोराला काय नको होतं

आत्या धापा टाकत ऑफिसात पोचल्या. चौकट आपली पिशवी भरत होता. त्याचा चेहरा पडला होता.

“पिशवी खाली ठेव,” आत्या म्हणाल्या. “वहिनी, मला एक सांगा. क्लाऊडवरचं चित्र चोरायला काय करावं लागतं?”

“मला काय माहीत? घ्यायचं, दुसरं काय!”

“नाही. प्रत काढायची. प्रत काढली की मूळ जागच्या जागी राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. चौकटला पक्षी हवे असते तर केव्हाच प्रती घेऊन गेला असता आणि आपण आज मजेत पुस्तक छापत बसलो असतो. ज्याने मूळच उचललं, त्याला चित्रं मिळवायची नव्हती. ती इथे कुणाला दिसू द्यायची नव्हती.”

वहिनींचं तोंड उघडं राहिलं.

“शिवाय त्याने निवडून नेली. कावळा, चिमणी, घार, घुबड, होला, यांत काळा आणि तपकिरी रंग. गेलेल्यांत निळा नाही तर पांढरा. चोचीवर जाऊ नका, पाण्यावर जाऊ नका. रंगावर जा.” आत्यांचा आवाज खाली आला. “निळा आणि पांढरा ज्यांना नीट दिसत नाहीत अशा एका माणसाला मी आत्ताच भेटून आले. त्यांना पांढरा दिवा पिवळा दिसतो. निळा मोजा काळा दिसतो. मोतीबिंदू पिकत चालला की असं होतं, माझ्या आईचं झालं होतं. असा माणूस मनातला बगळा काढायला बसला, तर तो त्याच्या डोळ्यांना पांढरा दिसेपर्यंत निळा ओतत राहणार.”

गॅलरीच्या दारात सूनबाई उभी होती.

“आणि हे ज्याला ठाऊक आहे,” आत्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तो माणूस वर्षभर गुपचूप रंग दुरुस्त करत असणार. चित्रं घरून त्याच्या हातून इथे येत होती तोवर ते सोपं होतं. मग निघाला नियम. चित्रं थेट सगळ्यांच्या कपाटात पडायला लागली. तिथे रंग बदलायला जावं तर शेजारी बसलेला चौकट विचारणार, काल निळा असलेला बगळा आज पांढरा कसा झाला?”

सूनबाई पुढे आली आणि खुर्चीवर बसली. डोळे भरले होते.

“बाबा म्हणाले होते, ज्या दिवशी माझ्या चित्रावर दुसऱ्याला हात फिरवावा लागेल, त्या दिवशी मी थांबेन. आई गेल्यापासून ते या पक्ष्यांवर जगताहेत, आत्या. डॉक्टरचं नाव काढलं की घराबाहेर निघून जातात. मी काय करू? शनिवारी मी ती चित्रं माझ्या खात्यात नेली. रविवारी दुरुस्त केली. आज सगळ्यांच्या आधी येऊन त्याच नावांनी परत ठेवणार होते. चौकट, तुझ्यावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं रे. सकाळपासून तोंड उघडायचा प्रयत्न करतेय.”

“मग ठेव ना आता परत!” वहिनी म्हणाल्या. “रागवायचं ते मी उद्या रागावेन.”

सूनबाईने पदराने डोळे पुसले. “तेच तर सांगतेय वहिनी. सकाळी उघडून पाहिलं. माझ्याकडेही नाहीत.”

६. मळका बगळा

संध्याकाळ जवळ येत होती.

“तुझं खातं आणखी कुठे उघडं असतं?” आत्यांनी विचारलं.

“कुठेच नाही. घरी बाबांच्या टॅबलेटवर रंग नीट दिसतात, म्हणून काल तिथे उघडलं होतं. पण मी ते बंद केलं...” ती थांबली. “केलं का?”

“नाही केलंस. चौकट, बगळा कसा होता म्हणालास?”

“निळसर. नीळ जास्त झालेला.”

“आपल्या सगळ्यांना निळसर. आणि ज्याने काढला त्याच्या डोळ्यांना तोच स्वच्छ पांढरा, नाहीतर त्याने हात थांबवलाच नसता. पण आज दुपारी मास्तर मला म्हणाले, बगळा मळका दिसला. त्यांचा स्वतःचा बगळा त्यांना मळका दिसेलच कसा? खरा पांढरा त्यांना पिवळट दिसतो. म्हणजे त्यांनी पाहिलेला बगळा दुसरा होता. सूनबाईने काल दुरुस्त केलेला. तो तिच्या खात्याबाहेर कुठेच नव्हता.” आत्यांनी पिशवी उचलली. “चला. चौकट, तूही चल.”

मास्तरांनी दार उघडलं. चौघांना पाहिलं आणि बाजूला झाले. टॅबलेट आता उशीखाली नव्हता, मांडीवर घेऊन ते बसले.

“बाबा,” सूनबाईने हाक मारली.

“पहाटे उघडला तर समोर दोन बगळे,” मास्तर म्हणाले. “एक माझा, पांढराशुभ्र. दुसरा मळका. पहिल्यांदा वाटलं, कुणी ही घाण केली? मग खाली बघितलं तर खंड्या दोन, हंस दोन. प्रत्येकातला एक मळका. तेव्हा कळलं, हा हात कुणाचा. रेघ सोडून फक्त रंगाला हात लावणारं माणूस या घरात एकच आहे. मीच शिकवलंय तिला.”

“मला माफ करा बाबा.”

“अगं, ऐक तर. तुझा डोळा मी घडवलाय. मला तुझी चित्रं मळकी दिसतात, म्हणजे ती बरोबर असणार. एवढा हिशेब मला जमतो अजून.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “म्हणून ती सगळी माझ्या खात्यात ओढून घेतली. एक काम उरलं होतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत उरकून हळूच परत ठेवीन, तुला कळायच्या आत.”

“कसलं काम?” वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी टॅबलेट पुढे केला. पांढरा बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. खालच्या कोपऱ्यात मास्तरांची नेहमीची सही होती, आणि सहीशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात, सूनबाईचं नाव. खंड्यावर तसंच. हंसावर तसंच. कबुतरावर नावाचं शेवटचं अक्षर राहिलं होतं.

सूनबाई तिथेच, जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. मास्तरांना काय करावं ते सुचेना. ते तिच्या डोक्यावर थापट्या मारत राहिले.

“अगं, रडतेस काय? चूक लिहिलंय का नाव? आत्याबाई, जरा तपासा हो!”

“बिनचूक आहे,” आत्या म्हणाल्या. त्यांनाही नीट दिसत नव्हतं तेव्हा.

“पण मास्तर,” चौकट हळूच म्हणाला, “इकडे मला कामावरून काढत होते.”

“तुला? का?” मास्तर ताडकन उभे राहिले. “वहिनी, या पोराने माझ्या बगळ्याचा पायसुद्धा कधी कापला नाही चौकटीत!”

वहिनी लाल झाल्या. सगळ्यांसमोर त्या चौकटकडे वळल्या आणि म्हणाल्या, “माझं चुकलं. अगदी साफ चुकलं. तुला जिथे जायचं असेल तिथे जा, पण चोर म्हणून नाही. मी स्वतः चांगला शब्द टाकीन.” चौकट म्हणाला, तो विचार नंतर करू, आधी पक्षी छापायला पाठवू. कबुतरावरचं राहिलेलं अक्षर मास्तरांनी लिहिलं, आणि यंत्र दुसऱ्याच्या कामाला लागायच्या आत पुस्तक छापखान्यात पोचलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी भिंतीवरचा कागद फाडला. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळाला. नियमही बदलला: कच्चं काम ज्याने त्याने आपल्याकडे ठेवावं, तिथे कुणी डोकावायचं नाही, पक्कं झालं की ते सगळ्यांच्या फोल्डरमध्ये यायलाच हवं. चौकट मात्र तीन महिन्यांनी खरोखरच त्या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. वहिनींनी दिलेला शब्द पाळला आणि त्याला निरोप देताना रडल्याही.

डॉक्टरांचं मास्तरांनी त्याच रात्री कबूल केलं होतं. पुढे आठवडाभर टाळाटाळ केली, ते वेगळं. शेवटी सूनबाई एका बाजूला आणि आत्या दुसऱ्या बाजूला, असं करून त्यांना दवाखान्यात नेलं.

ऑपरेशननंतर पट्टी काढली त्या सकाळी आत्या तिथेच होत्या. मास्तरांनी डोळे मिचकावले, खिडकीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, “अरे बापरे, किती पांढरं!” म्हणाले. मग समोर उभ्या असलेल्या सूनबाईकडे बघत राहिले. बराच वेळ.

“काय झालं बाबा? दिसतंय ना?”

“दिसतंय,” मास्तर म्हणाले. “अगं, तुझे केस पिकायला लागले की! मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“तुमच्यामुळेच पिकलेत,” सूनबाई म्हणाली आणि त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायला वाकली. “हलू नका आता.”